वांकडें चित्र सरळ कसें करावें?

चालू वर्षाच्या पहिल्या सत्रांतील गोष्ट. इयत्ता आठवीच्या वर्गास चौकोनांचे प्रकार समजावून द्यावयाचे होते. फळ्यावर हातानें काढलेल्या आकृत्यांपेक्षां प्रोजेक्टरच्या साह्यानें भिंतीवर पाडलेल्या आकृत्या अधिक रेखीव व बिनचूक दिसतील, अशा समजुतीनें आम्हीं वर्ग सभागृहांत नेला आणि यंत्र टेबलावर मांडलें. चित्र बरेंच खालीं पडूं लागलें व पुढच्या बांकांवरील मुलांच्या डोक्यांच्या सावल्या त्यांत दिसूं लागल्या. म्हणून यंत्राच्या पुढच्या पायांखालीं दोन जाड पुस्तकें सरकवून आम्हीं चित्र वर उचललें. सावल्या गेल्या. आमचें समाधान झालें.

पहिलीच आकृति चौरसाची होती. "ही आकृति कोणती?" असें विचारतांच बहुतेक वर्गानें एका सुरांत "चौरस" असें उत्तर दिलें. मागच्या बांकावरील एक मुलगी मात्र उभी राहिली आणि भीत भीत म्हणाली, "सर, हा चौरस नाहीं. वरची बाजू खालच्यापेक्षां मोठी दिसते." आम्ही म्हणालों, "पुस्तकांत पाहा. चारी बाजू समान व चारी कोन काटकोन, असें स्पष्ट लिहिलें आहे. खालीं बस." वर्ग हंसला. ती मुलगी खालीं बसली. त्यानंतर चार दिवस तिनें एकदांहि हात वर केला नाहीं.

शाळा सुटल्यावर आम्ही एकटेच सभागृहांत गेलों. यंत्र पुन्हां चालूं केलें, तोच चौरस भिंतीवर पाडला, आणि फूटपट्टी घेऊन त्याच्या बाजू मोजल्या. खालची बाजू ४२ इंच भरली. वरची ४६ इंच भरली. उंची मोजली तर ती साडेपंचेचाळीस इंच! कोपऱ्यांत गुण्या लावून पाहिला. वरचे दोन्ही कोन काटकोनाहून लहान होते व खालचे दोन्ही मोठे. पुस्तकांतील आकृति चौरस होती यांत शंका नाहीं. परंतु भिंतीवरील आकृति चौरस नव्हती. मुलीनें डोळ्यांनीं जें पाहिलें तें सांगितलें होतें. आम्हीं मात्र भिंतीकडे न पाहतांच तिला उत्तर दिलें होतें.

ही चूक कशामुळें झाली व ती कशी सुधारतां येते, हें विद्यार्थ्यांस आणि पालकांस सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहों. आतां कित्येक घरांतहि लहान प्रोजेक्टर आले आहेत; तेव्हां हा विषय केवळ शाळेपुरता राहिलेला नाहीं.

दोष कां उत्पन्न होतो?

अंधाऱ्या खोलींत विजेरी घेऊन तिचा झोत भिंतीवर अगदीं समोरून टाका. उजेडाचें वर्तुळ दिसेल. आतां हात न हलवितां विजेरीचें तोंड जरा वर करा. वर्तुळ लांबट होईल व त्याचा वरचा भाग अधिक पसरलेला दिसेल. विजेरी तीच, भिंत तीच. बदललें तें केवळ त्यांचें परस्परांशीं असलेलें स्थान.

प्रोजेक्टरचें तसेंच आहे. त्याच्या भिंगांतून निघालेले किरण जसजसे दूर जातात तसतसे पसरतात. भिंगापासून दुप्पट अंतरावर चित्र दुप्पट रुंद होतें, तिप्पट अंतरावर तिप्पट. भूमितींत समरूप त्रिकोणांचा जो सिद्धांत आपण शिकतों, तोच येथें प्रत्यक्ष काम करीत असतो. यंत्राचें तोंड भिंतीच्या बरोबर समोर असलें म्हणजे चित्राची वरची व खालची कड भिंगापासून सारख्याच अंतरावर पडते आणि दोन्ही कडा समान होतात. यंत्राचें तोंड वर केलें कीं वरची कड दूर जाते, आणि दूर गेली म्हणून ती मोठी होते.

हें पडताळून पाहणें अवघड नाहीं. आम्हीं सुतळीचें एक टोंक भिंगापाशीं धरलें व दुसरें चौरसाच्या खालच्या कडेच्या मध्यापर्यंत नेलें. अंतर १० फूट भरलें. वरच्या कडेच्या मध्यापर्यंत तें ११ फूट भरलें. म्हणजे दोन कडांचें प्रमाण १० स ११ असें असावयास पाहिजे. खालची कड ४२ इंच. तिला ११ नें गुणून १० नें भागिलें तर ४६ इंचांहून किंचित् अधिक येतात. फूटपट्टीनें तेंच सांगितलें होतें. सुतळीचें हें गणित आमच्या यंत्रासारख्या, म्हणजे ज्यांचें चित्र भिंगाच्या बरोबर समोर पडतें अशा यंत्रांस लागूं पडतें, हें मात्र ध्यानांत ठेवावें. इतर यंत्रांविषयीं पुढें सांगूं.

या दोषाचीं आणखी दोन अंगें आहेत व तीं सहसा लक्षांत येत नाहींत. पहिलें असें कीं, झोत भिंतीवर तिरपा पडल्यामुळें चित्र उंचींतहि ताणलें जातें. म्हणून बाजू सरळ दिसूं लागल्या एवढ्यानें काम संपत नाहीं. उंची व रुंदी यांचें प्रमाणहि पाहावें लागतें. दुसरें असें कीं, भिंगानें उमटविलेलें स्पष्ट चित्र एकाच सपाट पातळींत असतें. भिंत त्या पातळीशीं तिरपी असली तर मधला भाग स्पष्ट केला कीं वरचीं व खालचीं अक्षरें पुसट होतात, आणि वरचीं स्पष्ट केलीं कीं मधलीं बिघडतात. मागें बसलेला विद्यार्थी डोळे बारीक करून वाचूं लागला म्हणजे दोष त्याच्या डोळ्यांतच आहे असें समजूं नये. आधीं यंत्राकडे पाहावें.

यंत्र डाव्या कोपऱ्यांत ठेवून त्याचें तोंड उजवीकडे वळविलें तर उजवी कड दूर पडून अधिक उंच होते. यंत्र उंच फळीवर ठेवून खालीं झुकविलें तर खालची कड रुंद होते. चारी प्रकारांत नियम एकच: जी कड दूर, ती मोठी.

दगडी कमानीच्या माथ्यावर मधोमध एक पाचरीसारखा दगड बसविलेला असतो. तो वर रुंद व खालीं निमुळता असतो. इंग्रजींत त्याला 'कीस्टोन' म्हणतात. वर उचललेल्या यंत्राचें चित्र त्याच आकाराचें दिसतें, म्हणून या दोषास 'कीस्टोन' हेंच नांव पडलें. प्रोजेक्टरवरील बटणांच्या यादींत हा शब्द आढळतो तो याच अर्थानें. आपल्या भूमितीच्या पुस्तकांत या आकृतीस समलंब चौकोन म्हणतात.

जुना दोष, जुने उपाय

हा दोष आजच्या यंत्रांनीं आणलेला नाहीं. दिव्याचा उजेड कांचेवरील चित्रांतून व भिंगांतून पाठवून तें चित्र भिंतीवर मोठें करून दाखविण्याची कल्पना फार जुनी आहे. हॉलंडमधील शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यानें अशा दिव्यासाठीं १६५९ सालीं काढलेलीं चित्रें उपलब्ध आहेत. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे चिरंजीव 'शांबरिक खरोलिका' या नांवानें कांचेवर हातानें रंगविलेल्या चित्रांचे खेळ करीत असत. मिशनरी लोकहि असेच दिवे घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडत. देवळाचें आवार असो, धर्मशाळा असो वा झाडाखालचा पार असो, दिवा कोठें ठेवावा व पडदा कोठें बांधावा हा प्रश्न प्रत्येक खेळाच्या आधीं सोडवावाच लागत असे.

मुंबईंत वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. ल्यूमिएर बंधूंचीं यंत्रें पॅरिसमधील ज्यूल कार्पांत्ये याच्या कारखान्यांत तयार होत. याच कार्पांत्येनें १९०१ सालीं, छायाचित्र मोठें करण्याच्या यंत्रांत वांकड्या चित्राची दुरुस्ती कशी करावी, याविषयीं इंग्लंडांत पेटंट घेतलें. कॅमेरा वर उचलून उंच इमारतीचें छायाचित्र काढिलें तर इमारत माथ्याकडे निमुळती दिसते. तें छायाचित्र मोठें करतांना मूळ चित्र व कागद हीं दोन्ही मोजून तिरपीं ठेविलीं, तर पहिला वांकडेपणा दुसऱ्यानें फेडला जातो व भिंती पुन्हां उभ्या दिसतात.

पुढें ऑस्ट्रियांतील थिओडोर शाइमफ्लुग यानें १९०४ सालीं हीच पद्धत अधिक विस्तारानें मांडली. त्याला बलूनमधून घेतलेल्या तिरप्या छायाचित्रांवरून जमिनीचे नकाशे तयार करावयाचे होते. मूळ चित्राची पातळी, भिंगाची पातळी व पडद्याची पातळी या तिन्ही वाढविल्या असतां एकाच रेषेंत मिळाल्या, तर तिरप्या पडद्यावरहि चित्र सर्वत्र स्पष्ट उमटतें, हा नियम त्याच्या नांवानें ओळखला जातो. नकाशांत शेताची एक बाजू दूर होती म्हणून मोठी दिसली, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नांवावर जाईल. वांकडें चित्र ही केवळ डोळ्यांस खटकणारी गोष्ट नव्हे, हें त्या उदाहरणावरून समजावें.

दुरुस्ती कोणत्या क्रमानें करावी?

पहिली गोष्ट, पडदा किंवा भिंत पाहावी. दोरीला वजन बांधून ओळंबा सोडावा. पडदा ओळंब्यांत नसेल तर यंत्र कितीहि नीट ठेविलें तरी चित्र वांकडें येणारच. भिंतीवर खिळ्याला अडकविलेला गुंडाळीचा पडदा खालीं भिंतीपासून पुढें आलेला असतो, हें पुष्कळदां आढळतें.

दुसरी गोष्ट, यंत्र सपाट ठेवावें. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम. नाहींतर सपाट तळाच्या पेल्यांत पाणी घालून तो यंत्राशेजारीं टेबलावर ठेवूनहि टेबलाचा कल दिसतो. यंत्रावर मात्र पाणी कधींहि ठेवूं नये. मग यंत्राचें तोंड पडद्याच्या बरोबर समोर व पडद्याच्या मध्यरेषेवर आणावें. टेबलावर ठेवावयाच्या कित्येक प्रोजेक्टरांची घडणच अशी असते कीं, यंत्र सपाट असतांहि चित्र भिंगाच्या समोर न पडतां वरच्या बाजूस पडतें व तरीहि सरळ राहतें. म्हणून पुस्तकें सरकविण्यापूर्वीं यंत्र सपाट ठेवून चित्र कोठें पडतें तें एकदां पाहावें. अशा यंत्रास वर सांगितलेलें सुतळीचें गणित लागूं पडत नाहीं. तेथें चित्राच्या बाजूच मोजाव्या.

तिसरी गोष्ट, चित्र तरीहि खालीं पडत असेल तर यंत्र तिरपें न करतां उंच करावें. टेबलावर स्टूल ठेवावें किंवा उंच घडवंची आणावी. भिंग चित्राच्या मध्याइतकें उंच आलें कीं झोत सरळ जातो. छताला यंत्र उलटें टांगण्याची सोय कित्येक शाळांतून केलेली असते. तेथें यंत्राच्या यादींतून चित्र उलट करून घ्यावें लागतें. टांगण्याचें काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें, कारण खालीं मुलें बसावयाचीं असतात.

चौथी गोष्ट, यंत्र तिरपें ठेवण्यावांचून गत्यंतरच नसेल तर पडदाहि तितकाच तिरपा करावा. यंत्राचें तोंड वर असेल तर पडद्याची वरची कड यंत्राकडे पुढें घ्यावी, म्हणजे झोत पडद्यावर पुन्हां सरळ आदळतो. आमचें यंत्र मोजून पाहतां सुमारें १५ अंशांनीं वर उचललेलें होतें; अशा वेळीं ६ फूट उंचीच्या पडद्याची वरची कड सुमारें दीड फूट पुढें आणावी लागते. या उपायानें आकारहि सुधारतो व अक्षरेंहि सर्वत्र स्पष्ट होतात.

पांचवी गोष्ट, कांहीं यंत्रांत भिंग वरखालीं किंवा डावीउजवीकडे सरकविण्याची सोय असते. यंत्र न झुकवितां केवळ भिंग वर सरकविलें तर चित्र वर जातें आणि सरळच राहतें. ही सोय असेल तर ती अवश्य वापरावी.

हें सर्व करूनहि थोडा दोष उरला, तरच शेवटीं 'कीस्टोन' चें बटण दाबावें. तें शेवटीं कां, हें नीट समजून घेतलें पाहिजे. यंत्राच्या आंत चित्र ठिपक्यांचें बनलेलें असतें व त्या ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. १०२४ रकाने व ७६८ ओळी असलेल्या यंत्रांत एकंदर ७,८६,४३२ ठिपके असतात. बटण दाबलें म्हणजे यंत्र सरळ होत नाहीं. तें आंतील चित्रच उलट दिशेनें वांकडें करतें. आमच्या सभागृहांतील १० स ११ या प्रमाणांत पाहिलें, तर सर्वांत वरच्या ओळींतील १०२४ ठिपक्यांपैकीं सुमारें ९३१ च कामास येतात. बाकीचे ९३ झांकून टाकावे लागतात. तेवढा उजेड वायां जातो. उरलेल्या ठिपक्यांत मूळ चित्र दाटून बसवावें लागतें, म्हणून बारीक अक्षरांच्या कडा बिघडतात. भिंतीच्या तिरपेपणामुळें आलेला पुसटपणा तर या बटणानें मुळींच जात नाहीं.

अंधार केला म्हणजे आणखी एक गंमत दिसते. झांकलेले ठिपकेहि पूर्ण काळे होत नाहींत. म्हणून सरळ दिसणाऱ्या चित्राच्या मागें फिकट करड्या उजेडाची वांकडी चौकट तशीच राहते. कित्येक यंत्रें ही दुरुस्ती आपोआप करतात; पण त्यांतील साधीं यंत्रें केवळ स्वतःचा कल मोजतात व भिंत ओळंब्यांत आहे असें गृहीत धरतात. पडदाच कललेला असला तर त्यांचा अंदाज चुकतो.

चित्र सरळ झालें हें कशावरून?

डोळ्यांनीं पाहावें आणि मग मोजावें. चौरस व त्याचे दोन्ही कर्ण काढलेली एक आकृति यंत्रांतून भिंतीवर पाडावी. सुतळीनें प्रथम वरची व खालची बाजू, मग डावी व उजवी बाजू, मग दोन्ही कर्ण मोजावे. येथें भूमितीची खरी परीक्षा आहे. कर्ण समान आहेत एवढ्यावरून आकृति चौरस ठरत नाहीं. आमच्या भिंतीवरील समलंब चौकोनाचेहि कर्ण समानच होते. चारी बाजू समान आहेत एवढ्यावरूनहि ती चौरस ठरत नाहीं. ती कललेला समभुज चौकोन असूं शकेल. चारी बाजू समान आणि दोन्ही कर्णहि समान, असें झालें म्हणजे मात्र ती चौरसच असते. मोजतांना झोताकडे पाठ ठेवावी व भिंगांत कधींहि डोकावून पाहूं नये; तो उजेड डोळ्यांस अपायकारक असतो.

पुढच्या तासाला आम्हीं यंत्र मुद्दाम पूर्वींसारखेंच तिरपें ठेविलें. तोच चौरस दाखविला, आणि वर्गाला सांगितलें कीं, मागच्या खेपेस आमचें चुकलें होतें व त्या मुलीचें बरोबर होतें. सुतळीचें एक टोंक तिच्या हातीं दिलें. तिनें मोजलें, दुसऱ्या एकानें आंकडे फळ्यावर लिहिले, आणि ४२ व ४६ हे आंकडे शेजारीं शेजारीं दिसतांच वर्ग गप्प झाला. मग पुस्तकें काढून घेऊन यंत्र उंच स्टुलावर ठेविलें व सर्व मोजमाप पुन्हां केलें. त्या दिवशीं चौकोनांचे प्रकार निम्मेच शिकवून झाले. परंतु समलंब चौकोन म्हणजे काय, हें कोणासहि पुन्हां सांगावें लागलें नाहीं. तास संपतां संपतां त्या मुलीनें आपण होऊन हात वर केला व विचारलें, "सर, आपल्या वर्गांतला नकाशा पण असाच मोजायचा का?" आम्हीं होय म्हटलें.

पालकांस एवढीच विनंति आहे. मूल एकादी गोष्ट वांकडी दिसते असें म्हणालें, तर त्याला पुस्तक दाखविण्यापूर्वीं त्याच्या हातीं सुतळी द्यावी. त्याचें चुकलें असेल तर मोजतांना तेंच त्याला कळेल, आणि आपलें चुकलें असेल तर आपल्याला कळेल.

विद्यार्थ्यांनीं घरीं पुढील दोन गोष्टी करून पाहाव्या.

१. जाड पुठ्ठ्यांत २ इंच बाजूचें चौरस भोंक कापा. अंधारांत लहान दिवा त्याच्या मागें धरून भिंतीवर उजेडाचा चौरस पाडा. दिवा व पुठ्ठा दोन्ही एकदम वर झुकवून बाजू कशा बदलतात तें मोजा व वहींत लिहा.

२. एका यंत्राच्या भिंगापासून चित्राच्या खालच्या कडेचा मध्य ८ फूट व वरच्या कडेचा मध्य १० फूट अंतरावर आहे. खालची कड ४० इंच असल्यास वरची किती? यंत्राच्या एका ओळींत १२८० ठिपके असल्यास, बटणानें दुरुस्ती केल्यावर सर्वांत वरच्या ओळींतील किती ठिपके कामास येतील? (या यंत्राचें चित्र भिंगाच्या बरोबर समोर पडतें असें समजावें.)

उत्तरें आम्हांस आणून दाखवावीं. जुळलीं नाहींत तर आपण मिळून मोजूं.